देणाऱ्याची खूण : एफएडीच्या प्रकल्प नोंदी

१० जून, मंगळवार

आजपासून एफएडीचं काम माझ्याकडे. प्रश्न एका ओळीत मावतो. या रेणूवर निळा प्रकाश पडला की त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे इलेक्ट्रॉन जातो. तो देणाऱ्या टोकावरून निघताना आपल्याला पाहता येईल का?

पुढे वही चाळणाऱ्यासाठी थोडं लिहून ठेवते. एफएडी हा बी-२ जीवनसत्त्वापासून, म्हणजे रायबोफ्लेविनपासून, शरीर बनवतं तो रेणू. एका टोकाला फ्लेविन : तीन कड्यांचा चपटा, पिवळा भाग. दुसऱ्या टोकाला ॲडेनिन, डीएनएत असतं तेच. मधे फॉस्फेटची लवचिक साखळी. पाण्यात ही साखळी दुमडते आणि बहुतेक रेणूंमध्ये दोन्ही चपटे भाग पोळीवर पोळी ठेवावी तसे एकमेकांवर येतात. फ्लेविन ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि शोषल्यावर इलेक्ट्रॉनचं भुकेलं होतं. शेजारी ॲडेनिन टेकलेलंच असतं. इलेक्ट्रॉन तिथून येतो आणि लगेच परतही जातो. हे सगळं काही पिकोसेकंदांत उरकतं. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग.

हाच एफएडी फोटोलायेझ या विकराच्या पोटात बसून अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए दुरुस्त करतो. तिथे तो निळ्या प्रकाशाच्या जोरावर इलेक्ट्रॉन डीएनएला उसना देतो आणि काम झालं की परत घेतो. डीएनए दुरुस्तीच्या कामासाठी २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यांतल्या अझीझ सांजार यांचं बरंचसं आयुष्य या विकरावर गेलं. आपल्याला शेवटी प्रथिनांकडेच जायचं आहे. पण हात बसवायचा तो सुट्या एफएडीवर, जिथे देणारा आणि घेणारा दोघेही माहीत आहेत.

१२ जून

मोजमापाआधी डोळ्यांनी पाहून घ्यायचं, हा मॅडमचा नियम. म्हणून सकाळी दोन कुप्या केल्या. एकीत एफएमएन (म्हणजे फ्लेविनचं टोक, ॲडेनिनशिवाय), दुसरीत एफएडी. सौम्य द्रावणं, पिवळेपणा सारखाच. खोलीतले दिवे बंद करून अतिनील टॉर्च लावला. एफएमएन हिरवंपिवळं पेटलं, अगदी काजव्यासारखं. एफएडीची कुपी मंद, फार तर एक-दशांश. मग एफएडीत सौम्य आम्लाचे थेंब सोडत गेले. पीएच ३ च्या जवळ येताच ती कुपीही उजळली. आम्लात ॲडेनिनला प्रोटॉन चिकटतो, चवड सुटते, ॲडेनिन दूर होतं आणि फ्लेविनला आपला प्रकाश बाहेर टाकायला सवड मिळते.

ग्रेगोरिओ वेबर यांनी १९५० साली असाच उजेड मोजून ओळखलं होतं की पाण्यात हे दोन भाग एकमेकांना बिलगलेले असतात. तेव्हा ना लेसर होता, ना पिकोसेकंद मोजायची सोय. कुपी हातात धरून हे आठवलं आणि बराच वेळ टॉर्च बंद करवेना.

१५ जून, रविवार

घरी. आईनं नासलेल्या दुधाचं पनीर केलं. खाली उरलेलं पाणी तिनं नेहमीप्रमाणे कणीक भिजवायला बाजूला ठेवलं. त्याचा पिवळसर हिरवा रंग लहानपणापासून पाहत आले, तो रायबोफ्लेविनचा. पिशवीतला टॉर्च काढून पातेल्यावर धरला. सगळं पातेलं हिरवं चमकलं. आई म्हणाली, "अगं बाई, हे आपण खातो ना?" मी म्हटलं, "आई, तुझ्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीतही हेच आहे." तिनं पुन्हा लावायला सांगितलं आणि शेजारच्या काकूंना बोलावून आणलं.

१७ जून

अवरक्त का, दृश्य प्रकाश का नाही, हे आज ज्युनिअरनं विचारलं. दृश्य वर्णपटात फ्लेविनचे पट्टे रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात. उत्तेजित फ्लेविन, इलेक्ट्रॉन घेतलेलं फ्लेविन, इलेक्ट्रॉन गमावलेलं ॲडेनिन, सगळे एकाच जागी गर्दी करतात. अवरक्तात मात्र रेणूतले बंध आपापल्या सुरात कंप पावतात. फ्लेविनच्या कड्यांची दोन कंपनं १५४८ आणि १५८४ प्रति सेंमीला (अवरक्तात कंपनाचा सूर याच एककात मोजतात), दोन कार्बोनिल, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचे दुहेरी बंध, साधारण १६५० आणि १७०० ला. ॲडेनिनचा पट्टा १६२५ ला. म्हणजे घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची खूण वेगवेगळी. ॲडेनिननं खरोखर इलेक्ट्रॉन दिला, तर १६२५ चा पट्टा कमी व्हायला हवा. वर्णपटात तिथे खड्डा पडायला हवा.

अडचण पाण्याची. साध्या पाण्याचं वाकणारं कंपन १६४५ ला येतं, नेमकं आपल्या अंगणात. म्हणून सगळं जड पाण्यात, म्हणजे साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असलेल्या पाण्यात. ते कंपन १२१० ला सरकतं आणि मैदान मोकळं होतं. एफएडी जड पाण्यात विरघळवून, गोठवून कोरडं करून पुन्हा विरघळवलं. असं दोनदा, म्हणजे बदलण्याजोगे हायड्रोजन बदलून जातात. जड पाण्यात पीएच मीटर दाखवतो त्यात ०.४ मिळवायचे, हे कुपीवरच लिहून ठेवलं. कुप्या फॉइलमध्ये, फ्लेविन उजेडात ठेवलं की तुटतं.

२१ जून, शनिवार

पालख्या शहरात मुक्कामी, रस्ते बंद. द्रवरूप नायट्रोजनची गाडी सोमवारी येईल. डिटेक्टर ७७ केल्व्हिनपर्यंत थंड झाल्याशिवाय काही दिसत नाही, तेव्हा आज फक्त आरशांची साफसफाई. दुपारी चालत जाऊन माउलींच्या पालखीचं दर्शन घेऊन आले.

२६ जून

जुळणी पूर्ण. लेसर ८०० नॅनोमीटरचा, सेकंदाला हजार स्पंद, प्रत्येक स्पंद साधारण १०० फेमटोसेकंदांचा (फेमटोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग). अर्ध्या प्रकाशाचं बीबीओ स्फटिकातून ४०० नॅनोमीटर केलं. हा पंप, नमुन्याला जागं करणारा. उरलेल्यातून ओपीए (लेसरचा रंग बदलणारं उपकरण) आणि फरक-वारंवारतेच्या स्फटिकातून अवरक्त प्रकाश. हा प्रोब, नमुन्याकडे पाहणारा. चॉपर दर दुसरा पंप अडवतो, म्हणजे पंप पडलेला आणि न पडलेला असे वर्णपट लागोपाठ मिळतात आणि त्यांची वजाबाकी करता येते.

घड्याळ म्हणजे एक सरकता आरसा. प्रकाश एका पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो. आरशावर तो जाऊन परत येतो, म्हणून आरसा ०.१५ मिलिमीटर सरकवला की एक पिकोसेकंद उशीर. वेळेचा हिशोब इथे मिलिमीटरनं होतो, हे माझ्या फार आवडीचं आहे. शून्य वेळ शोधायला नमुन्याच्या जागी सिलिकॉनची पातळ चकती ठेवली. पंप पडताक्षणी तिच्यातले सुटे झालेले वाहक अवरक्त प्रकाश शोषतात आणि सिग्नल एकदम पायरीसारखा बदलतो. पायरीची रुंदी सुमारे २०० फेमटोसेकंद. याहून वेगानं घडणारं काही आम्हाला वेगळं काढता येणार नाही.

पंप आणि प्रोब यांच्या ध्रुवणात ५४.७ अंशांचा कोन, म्हणजे रेणूंचं गिरक्या घेणं मोजमापात मिसळत नाही.

३ जुलै

पाऊस लागला. तीन दिवस संततधार. बाणेरची टेकडी ढगात गेलेली, खिडकीतून दिसतच नाही.

आणि पावसाबरोबर माझा सिग्नलही गेला. हवेतल्या बाष्पाच्या बारीक बारीक रेषा १३०० ते १९०० प्रति सेंमीच्या सगळ्या पट्ट्यात असतात. म्हणजे फ्लेविन आणि ॲडेनिन दोन्ही त्यात बुडालेली. बाष्प स्थिर असतं तर वजाबाकीत गेलं असतं. पण एसीची झुळूक आली, दार उघडलं, मी टेबलाशी उभी राहून श्वास सोडला, की रेषा हलतात. आमचा अपेक्षित खड्डा एक मिलीओडीपेक्षाही लहान (ओडी म्हणजे प्रकाश किती शोषला गेला त्याचं माप, मिलीओडी त्याचा हजारावा भाग). काल रात्री १६२५ च्या शेजारी एक खड्डा दिसला आणि माझे हात थरथरले. नमुना काढून नुसतं जड पाणी ठेवलं, तरी तो तिथेच. बाष्पाची रेषा होती ती.

आणखी एक : नमुन्याचं जड पाणीही दमट हवेतून साधं पाणी ओढून घेतं. अर्धं जड, अर्धं साधं असे रेणू झाले की १४५० ला नवा फुगवटा येतो. तो सकाळपेक्षा संध्याकाळी मोठा होता. यापुढे सेल कोरड्या पेटीत भरायचा.

११ जुलै

वर्कशॉपमधल्या काकांशिवाय हे काम झालं नसतं, हे इथे लिहून ठेवलंच पाहिजे. संपूर्ण अवरक्त मार्गावर ॲक्रिलिकची पेटी हवी होती, आत कोरडा नायट्रोजन फिरता. मी कागदावर चौकोन काढून दिला होता. काका टेबलापाशी आले, एकेका आरशाच्या स्क्रूला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हा स्क्रू रोज फिरवता ना? मग झाकण काढलंत की तुमची हवा गेली. इथे भोकं ठेवतो, बाहेरून लांब चावीनं फिरवा." भोकांना त्यांनी रबराची बुचं दिली, सांध्यांना फोमची पट्टी, आणि नमुना आत-बाहेर करायला बाजूला छोटं दार. पेटी एक तास धुतल्यावर आर्द्रतेचा सेन्सर तळाला टेकला. वर्णपटातल्या बाष्पाच्या रेषा डोळ्यांदेखत विरल्या. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत वाळवंट. काकांना वर बोलावून पडदा दाखवला. ते म्हणाले, "हे सरळ झालं तेच ना?" होय काका, तेच.

१८ जुलै

पहिला खरा डाटा. दहा मिलिमोलर एफएमएन, मग तितकंच एफएडी. कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या, मधे ५० मायक्रॉनचा स्पेसर. सेल सतत हलता, म्हणजे प्रकाशाचे स्पंद एकाच ठिकाणी पडून नमुना जळत नाही.

एफएमएन : १५४८ आणि १५८४ ला स्वच्छ खड्डे, १४१५ ला उत्तेजित फ्लेविनचा नवा उंचवटा. शंभर पिकोसेकंदांतही फारसं काही हलत नाही. बरोबरच आहे, त्याची उत्तेजित अवस्था चार-पाच नॅनोसेकंद टिकते.

एफएडी : तेच खड्डे, तोच उंचवटा, पण दहा पिकोसेकंदांच्या आतबाहेर सगळं भरून येऊ लागतं. मी मॅडमना फोन केला.

त्या आल्या, बसल्या, आणि एफएमएनच्या पहिल्या पाच पिकोसेकंदांवर बोट ठेवलं. तिथेही पट्टे किंचित सरकत, अरुंद होत होते. "४०० नं मारतेस. फ्लेविनला हवं त्यापेक्षा जास्त ऊर्जा देतेस. ती उष्णता पाण्यात उतरायलाही काही पिकोसेकंदच लागतात. यातलं थंड होणं कुठलं आणि इलेक्ट्रॉन कुठला, सांगू शकतेस?" नाही सांगू शकत. पंप ४५० वर न्यायचा, म्हणजे दुसरा ओपीए मांडायचा. दोन आठवडे. पटलं, म्हणून वाईट वाटलं नाही.

२४ जुलै

दुपारी लाईट गेली. लेसर यूपीएसवर तगला, चिलर नाही. रात्रीपर्यंत पुन्हा जुळवणी.

३० जुलै

४५० नॅनोमीटरचा पंप. एफएमएनच्या सुरुवातीच्या हालचाली जवळजवळ गेल्या. एफएडीमधलं वेगानं भरून येणं तसंच राहिलं : १४१५ चा उंचवटा ७ पिकोसेकंदांच्या आसपास ओसरतो. थोडा भाग मागे रेंगाळतो. ते उलगडलेले रेणू.

आणि १६२५ ला खड्डा आहे. एफएडीत आहे, एफएमएनमध्ये नाही. नुसत्या जड पाण्यात नाही. सगळ्यात खोल असताना तो ०.२ मिलीओडी, १५४८ च्या खड्ड्याच्या पंधराव्या भागाएवढा.

मॅडमचा एकच प्रश्न : "तो कधी पडतो?"

पुढचे पंधरा दिवस याच प्रश्नाचे. दोन चपटे रेणू एकमेकांवर टेकले असतील, तर फ्लेविन जागं होताच शेजारच्या ॲडेनिनचं कंपन नुसत्या शेजारामुळेही बदलू शकतं. तो बदल पंप पडताक्षणी दिसेल आणि त्यात इलेक्ट्रॉन हललेलाच नसेल. इलेक्ट्रॉन खरोखर निघाला असेल तर खड्डा सुरुवातीला नसावा, हळूहळू खोल व्हावा. फ्लेविनचा उजेड मंदावला म्हणून इलेक्ट्रॉन ॲडेनिनकडूनच आला, असं आपण इतके दिवस म्हणत आलो. ते अनुमान आहे. हिशोबात एकाच्या वहीवरून दुसऱ्याच्या खिशातून पैसे गेले असं ठरवत नाहीत. त्याचाही खिसा पाहावा लागतो.

६ ऑगस्ट

आम्लातलं एफएडी. १२ जूनचाच प्रयोग, आता अवरक्तात. चवड सुटलेली, वेगवान भाग बराच आकसला, १६२५ चा खड्डा नॉइजमध्ये बुडाला. प्रोटॉन बसल्यावर ॲडेनिनचा पट्टाही जागचा सरकतो, म्हणून या एकाच पुराव्यावर भार टाकत नाही. आम्लात एफएडीची साखळी हळूहळू तुटून एफएमएन बनतं, तेव्हा द्रावण ताजं, दोन तासांत मोजून फेकलं.

१४ ऑगस्ट

सलग एकोणीस तास. डिटेक्टरमध्ये रात्री नऊला आणि पहाटे पाचला नायट्रोजन भरला. ज्युनिअर दोनपर्यंत थांबली. तिला घरी पाठवलं, पोचल्याचा मेसेज आल्यावरच पुढचं सुरू केलं. डिटेक्टरच्या ६४ चौकटींत साधारण २०० प्रति सेंमी एवढंच मावतं, म्हणून १४१५ आणि १६२५ दोन वेगळ्या फेऱ्यांत, आणि १५४८ दुसरीत.

आता माझ्याकडे एकाच रेणूची तीन घड्याळं आहेत. १४१५ सांगतं, फ्लेविन अजून जागं आहे का. १६२५ सांगतं, ॲडेनिनकडे इलेक्ट्रॉन आहे की नाही. १५४८ सांगतं, सगळं पूर्ववत झालं का.

१६२५ चा खड्डा अर्ध्या पिकोसेकंदाला अगदी उथळ आहे. दोन-तीन पिकोसेकंदांपर्यंत खोल होत जातो, मग सात-आठच्या गतीनं भरून येतो. पहाटे आकृतीकडे पाहत पटकन लिहून टाकलं : इलेक्ट्रॉन दोन पिकोसेकंदांत जातो, सातात परत येतो. चहा घेऊन आल्यावर ते खोडलं. कारण इलेक्ट्रॉन दोनात गेला असता तर १४१५ नंही दोनातच ओसरायला हवं होतं. ते सात घेतं आहे.

गळक्या हंड्यात नळ सोडावा तसं हे आहे. नळाची धार हळू आणि गळती मोठी असेल, तर हंड्यात पाणी कधीच साचत नाही. थोडंसं चढतं ते गळतीच्या वेगानं ठरतं, आणि पुढे ते ओसरतं नळ आटेल तसं. म्हणजे चढण्याची गती गळतीची आणि उतरण्याची गती नळाची, उलटी. इलेक्ट्रॉन ॲडेनिनवरून निघायला सात पिकोसेकंद, आणि परतायला दोन-तीनच. खड्डा इतका उथळ का, याचंही उत्तर यातच आहे. कुठल्याही क्षणी फार थोडेच रेणू इलेक्ट्रॉन दिलेल्या अवस्थेत सापडतात.

अर्ध्या पिकोसेकंदाला दिसणारा उथळ भाग मात्र शून्य नाही. तो शेजाराचा, असं मला वाटतं. तो झाकायचा नाही, आकृतीत दाखवायचा.

२० ऑगस्ट

मॅडमनी सगळ्या फेऱ्या स्वतः पुन्हा बसवून पाहिल्या. खड्डा भरून येण्याचा आकडा टिकला. खोल होण्याचा आकडा दीड ते साडेतीनमध्ये कुठेही बसतो. तसंच लिहायचं.

एफएमएन आणि सुटं ॲडेनोसिन मोनोफॉस्फेट (म्हणजे ॲडेनिनचं टोक, फ्लेविनशिवाय) एकत्र करून मोजलं, दोघांना जोडणाऱ्या साखळीविना. १६२५ ला काही नाही, निदान आमच्या नॉइजच्या वर नाही. एफएडी २ मिलिमोलरवरही मोजलं. घट्ट द्रावणात फ्लेविनं एकमेकांनाच चिकटतात ही शंका होती. सिग्नल पाचव्या भागाचा, गती तीच. त्या रात्री शांत झोप लागली.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. लेसर चार दिवस बंद. डिटेक्टर रिकामा करून वाळवला, सेल उघडून खिडक्या धुतल्या, एकीच्या कडेला बारीक टवका निघालाय, ती वेगळी ठेवली. पेटीतला नायट्रोजन मंद चालू ठेवला, काकांना सांगून.

सुट्टीनंतर अंड्याचा पांढरा भाग. त्यात रायबोफ्लेविन धरून ठेवणारं प्रथिन असतं, आणि त्यात फ्लेविन जवळजवळ उजेडच देत नाही, कारण शेजारची ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही प्रथिनातलीच अमिनो आम्लं त्याला फार लवकर इलेक्ट्रॉन देतात. झाँग आणि झेवैल यांनी २००१ मध्ये तिथला वेग १०० फेमटोसेकंदांच्या आसपास मोजला होता. आमची पायरी २०० ची, म्हणजे जाणं आम्हाला दिसणार नाही. परतणं दिसू शकेल. शिवाय प्रथिनाचा स्वतःचा मोठा पट्टा १६५० भोवती पसरलेला. ट्रिप्टोफॅनची खूण टायरोसिनपासून वेगळी कशी काढायची, ते अजून सुचलेलं नाही. टायरोसिनचा पट्टा १५१५ ला अरुंद आणि एकटा असतो. सुरुवात तिथून करायची. प्रथिन वेगळं काढायचा स्तंभ पॅक करायला ज्युनिअर तयार आहे. अंडी दोन डझन, ३१ ला सकाळी.